दसरा गेला आणि झेंडू फुलला: फुलझाडं लावताना या चुका टाळा

खंडेनवमीला आमच्या बेळगावात वडगाव-शहापूरकडे मागांना, गाड्यांना, उद्यमबागेतल्या मशिनींना झेंडूच्या माळा चढतात. २०२५ साली त्या दिवशी मी बाजारातून चढ्या भावाने झेंडू विकत आणला. घरी परसात चाळीस झाडं हिरवीगार उभी होती, आणि प्रत्येकावर हरभऱ्याएवढ्या कळ्या! फुलं आली ती दिवाळीत.

चूक माझीच. २०२३ ला ५ ऑगस्टला बी टाकलं होतं आणि दसऱ्याला टोपलीभर फुलं मिळाली होती. वहीत तीच तारीख लिहून ठेवली आणि पुढेही तीच धरून चालले. पण २०२३ चा दसरा होता २४ ऑक्टोबरला, २०२४ चा १२ ला आणि २०२५ चा २ ला. सण दरवर्षी दहा-बारा दिवस अलीकडे सरकतो आणि अधिक महिना आला की एकदम पुढे उडी मारतो. २०२६ ला ज्येष्ठ अधिक, म्हणून दसरा थेट २० ऑक्टोबरला.

तेव्हा कॅलेंडर घ्या आणि दसऱ्यापासून उलटं मोजा. मोठ्या झेंडूची रोपं तयार व्हायला साधारण २५ दिवस, लावल्यापासून फुलं यायला ४५ ते ५० दिवस, आणि शेंडा खुडलात तर आणखी आठवडाभर. म्हणजे ८० दिवस धरा. २०२६ साठी बी १ ऑगस्टच्या सुमारास टाकायचं. चार-आठ दिवस लवकर झालं तर बिघडत नाही, झेंडू महिनाभर तरी फुलत राहतो. उशीर मात्र भरून निघत नाही.

दसरा लवकर असला की बी जुलैच्या मध्यावर टाकावं लागतं, आणि तेव्हा बेळगावात पाऊस काय असतो ते सांगायला नको. उघड्या वाफ्यात रोपं मानेशी कुजतात आणि सकाळी आडवी पडलेली दिसतात. एकदा पडलेलं रोप उभं राहत नाही. औषध शोधत बसू नका, ट्रेमध्ये नवीन बी टाका आणि ट्रे पडवीत पत्र्याखाली ठेवा. पाणी वरचा थर सुकल्यावरच द्या. उघडीप मिळाली की ट्रे बाहेर काढा, नाहीतर रोपं उजेडासाठी लांबुळकी होतात.

वळवाचा एक पाऊस पडला की मे महिन्यातच तेरडा, झिनिया पेरून टाकणं हीसुद्धा नेहमीची घाई. बी उगवतं, मग पंधरा दिवस ऊन तापतं आणि सगळं करपतं. मृग लागून जमीन नीट भिजू दे. पिटुनिया, फ्लॉक्सची गोष्ट उलटी: त्यांचं बी पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात. डिसेंबरात नर्सरीतली फुललेली कुंडी आणली तर तिचं निम्मं आयुष्य तिथेच संपलेलं असतं.

नातेवाइकांच्या तारखा उचलतानाही जरा थांबा. खानापूरचा धो धो पाऊस आणि अथणीची कोरड एकाच जिल्ह्यात आहे. आमच्या तांबड्या मातीतून पाणी निघून जातं, निपाणी-चिकोडीच्या काळ्या मातीत ते साचून राहतं. तिकडे गादीवाफा, म्हणजे उंच उचललेला वाफा, केल्याशिवाय पावसात काही लावू नये.

आता शेवंती. ही मला सगळ्यात जास्त छळून गेली. जूनमध्ये जुन्या गड्ड्याचे फुटवे काढून कंपाउंडलगत ओळीने लावले, ऑगस्टच्या मध्यापर्यंत शेंडे खुडले, सगळं वेळेवर. नोव्हेंबरात निम्मी ओळ पिवळीधमक, निम्मी नुसती पानं. शेजारच्या काकूंनी युरिया टाक म्हणून सांगितलं. मी टाकलाही, पानं तेवढी रुंद झाली. मग एका रात्री गेट लावायला गेले तेव्हा दिसलं: गणपतीच्या आधी रस्त्यावरच्या खांबाला नवा एलईडी लागला होता आणि त्याचा उजेड बरोबर न फुललेल्या अर्ध्या ओळीवर पडत होता.

शेवंती रात्र मोजते. रात्र लांबली, सलग अंधार मिळाला, की ती कळी धरते. दिव्याखाली तिला पावसाळ्यातला मोठा दिवसच चालू आहे असं वाटतं. खत, पाणी, फवारणी, कशानेही मग ती फुलत नाही. झाडं हलवता येण्याजोगी नव्हती, म्हणून खांबाच्या बाजूला काठ्या रोवून गोणपाट बांधलं. त्या वर्षीची फुलं जानेवारीत आली, थोडी खुजी. पुढच्या वर्षीपासून शेवंती कुंड्यांत लावते आणि गणपती झाले की कुंड्या मागच्या अंगणात, न्हाणीघराच्या भिंतीआड नेते. तिथला बल्ब मात्र संध्याकाळनंतर कुणी लावायचा नाही, असं घरात सांगून ठेवलंय.