विहिरीत पोहणाऱ्यांनी समुद्रावर जाताना

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतात. समुद्रावर याच भरवशावर घात होतो, कारण विहिरीचं पाणी उभं असतं आणि समुद्राचं ओढतं.

चोर्ला किंवा आंबोलीचा घाट उतरायच्या आदल्या दिवशी तिथी बघा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी उतरतानाची ओढही मोठी असते. त्या दिवसांत खाडीच्या तोंडाशी पाय घालू नका. जून ते सप्टेंबर तर पाण्यात उतरायचंच नाही.

सामानात शिट्टी घ्या आणि तोच शिकायचा डबा घ्या. ५ लिटरचा, आत पेलाभर पाणी ठेवून झाकण घट्ट लावलेला, कडीला १५ मीटर नायलॉनची दोरी. पाण्यामुळे डबा लांब जातो. कोणी ओढला गेला तर मागोमाग उडी मारू नका, दोरीचं टोक धरून डबा फेका. जीन्स आणि साडी भिजली की पायांना गुंडाळते, म्हणून पोहायला आखूड कपडे वेगळे ठेवा.

किनाऱ्यावर पोचल्यावर दहा मिनिटं नुसत्या लाटा बघा. दोन्हीकडे लाटा फुटत असताना मधे एखादा शांत, गडद पट्टा दिसतो आणि त्यातला फेस समुद्रात आत जात असतो. नवख्याला तीच जागा बरी वाटते, आणि ओढ तिथेच असते. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झगडू नका, दमून बुडाल. तरंगत राहा, हात वर करा, किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर पडा आणि मग तिरके या. जीवरक्षकांनी लाल-पिवळे झेंडे लावले असतील तर त्यांच्या मधेच उतरा.

बोटीत चढण्याआधी जॅकेटचे सगळे बक्कल लावा आणि दुसऱ्याला खांद्याला धरून ते वर ओढायला सांगा. हनुवटीच्या वर सरकलं तर ते मोठं आहे, बदलून मागा. मुलांना मोठ्यांचं जॅकेट कधीच घालू नका. डॉल्फिन दिसला म्हणून सगळे एका बाजूला गेले की बोट कलते. बसूनच बघा.

बुडालेल्याला बाहेर काढल्यावर उलटं टांगू नका, पोटही दाबू नका. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास, असं चालू ठेवा. दुसऱ्याने तोवर ११२ लावावा. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्या, कारण फुप्फुसात पाणी गेलं असेल तर काही तासांनीही दम लागतो.