भुलीनंतर गाल सुजल्यास काय करावे

शस्त्रक्रिया नीट पार पडली, रुग्ण शुद्धीवर आला आणि काही तासांत त्याचा एक गाल कानापासून जबड्यापर्यंत फुगला, की कर्नाटकातल्या खानापूर-निपाणीकडच्या मराठी घरांत लगेच गालगुंडाची शंका येते. मात्र ही सूज बहुधा साथीची नसते. शस्त्रक्रियेपूर्वीच्या उपवासाने शरीरातले पाणी कमी होते, ग्लायकोपायरोलेट किंवा ॲट्रोपिनसारख्या औषधांनी लाळ आटते आणि मान एका बाजूला वळवून फार वेळ ठेवावी लागली, तर लाळेची नलिका दाबली जाऊन ग्रंथी फुगते. कधी भुलीसाठी घशात घातलेली श्वासाची नळी काढताना जोराचा खोकला आल्याने तोंडातली हवाही नलिकेत शिरते.

सर्वप्रथम श्वासाकडे लक्ष द्यावे. श्वासाला घरघर येत असेल, आवाज बदलला असेल, थुंकी गिळता येत नसेल किंवा सूज गळ्याकडे सरकत असेल, तर क्षणभरही थांबू नये. वॉर्डात असाल तर परिचारिकेला तत्काळ बोलवावे. तिला मराठी समजत नसेल, तर ‘गल्लक्के बावु बंदिदे, उसिरु कट्टुत्तिदे’ (गालाला सूज आली आहे, श्वास कोंडतो आहे) एवढे कन्नड पुरते. घरी असाल तर १०८ ला फोन करावा.

श्वास मोकळा असला, तरी डॉक्टरांना सूज दाखवावीच. तोंडाने घेण्याची परवानगी मिळाल्यावर थोडे थोडे पाणी वारंवार द्यावे. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास किती द्यायचे ते डॉक्टरांनाच विचारावे. कोमट कपड्याने शेकावे आणि दुखत नसेल, तर कानाच्या पुढून तोंडाकडे हलक्या हाताने चोळावे. लिंबाची फोड किंवा आमसूल चोखल्याने लाळ सुटते. मात्र आंबट चाखताच कळ येऊन सूज वाढली, तर नलिकेत खडा असण्याची शक्यता असते, म्हणून ते थांबवावे. गेरूचा लेप लावू नये, कारण त्याखाली त्वचेची लाली झाकली जाते, आणि तीच तर पाहायची असते.

साधी सूज काही दिवसांत ओसरते. ताप, लाली, वाढती वेदना किंवा वरच्या दाढांसमोर गालाच्या आतून पू येणे ही जंतुसंसर्गाची लक्षणे असून त्यासाठी प्रतिजैविके लागतात. वृद्ध रुग्णांत हा धोका अधिक असतो. या सुजेची नोंद डिस्चार्ज कार्डावर आग्रहाने करून घ्यावी आणि पुढे कधी भूल घेण्याची वेळ आली, तर ते कार्ड भूलतज्ज्ञांना आधी दाखवावे.