फुप्फुसाचा कर्करोग रोखणारी औषधं आणि बायोमार्कर: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

सुरुवात दोन फसलेल्या चाचण्यांपासून करा: फिनलंडची एटीबीसी (१९९४) आणि अमेरिकेची कॅरेट (१९९६). पहिलीत धूम्रपान करणाऱ्यांना बीटा-कॅरोटीन दिलं, दुसरीत त्याच्या जोडीला अ जीवनसत्त्वही. रक्तातली कॅरोटीनची पातळी छान चढली. कर्करोग मात्र पहिलीत १८ टक्के आणि दुसरीत २८ टक्के वाढला. मार्कर, म्हणजे शरीरातली मोजता येणारी खूण, हलला म्हणजे रोग हटला, असं नसतं.

आज जास्त भिस्त असते ती श्वासनलिकेच्या बायोप्सीवर: डिस्प्लेजियाची (कर्करोगाआधी पेशींत होणाऱ्या बिघाडाची) श्रेणी आणि केआय-६७, म्हणजे विभागणाऱ्या पेशींचं प्रमाण. ऑटोफ्लुओरेसन्स ब्रॉन्कोस्कोपीने (श्वासनलिकेच्या अस्तराची नैसर्गिक चमक पाहणाऱ्या दुर्बिणीने) ठरलेल्या जागांचे आणि संशयास्पद दिसेल त्या प्रत्येक जागेचे तुकडे घ्या, नकाशावर नोंदवा, आणि काही महिन्यांनी पुन्हा तिथूनच घ्या. गोम इथेच आहे. छोटा डाग पहिल्या चिमट्यातच निघून जातो, काही आपोआप विरतात. त्यामुळे प्लासिबो (औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी) घेणाऱ्या गटातही ‘सुधारणा’ दिसते. प्लासिबोशिवाय केलेल्या अशा अभ्यासावर आम्ही तरी विश्वास ठेवत नाही.

तुकडा लगेच १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये टाका. ६ ते ७२ तास ठेवा. काप साधारण ४ मायक्रॉनचे. एकाच व्यक्तीच्या आधीच्या आणि नंतरच्या स्लाइड एकाच बॅचमध्ये रंगवा, नाहीतर रंगाचा फरक औषधाच्या खात्यावर जमा होतो. काप तिरपा गेला तर तळाच्या थरातल्या पेशीच जास्त दिसतात आणि केआय-६७ फुगतो. लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) हेही रंग घेतात. मोजायच्या त्या फक्त एपिथेलियमच्या (अस्तराच्या) पेशी. शेजारच्या दोन श्रेणींत पॅथॉलॉजिस्टांचं एकमत होईलच असं नाही, म्हणून दोघांनी वाचावं, कोणता गट आणि कोणती भेट हे न कळता.

धूम्रपान सुटलं तरी केआय-६७ उतरतो, म्हणून दर भेटीला कोटिनिन (शरीरात निकोटिनपासून बनणारा पदार्थ) तपासा. निकोटिन पॅच लावलेल्यांत तेही चढतं. तिथे श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजा. आयलोप्रोस्ट या रक्तवाहिन्या रुंदावणाऱ्या औषधाच्या चाचणीत (२०११) धूम्रपान सोडलेल्यांच्या बायोप्सी सुधारल्या, चालू ठेवणाऱ्यांच्या नाहीत. हे दोन गट सुरुवातीपासून वेगळे ठेवा.

आणि हे सगळं मुख्यतः स्क्वेमस प्रकारापुरतं, म्हणजे श्वासनलिकेच्या अस्तरातल्या चपट्या पेशींच्या कर्करोगापुरतं. अ‍ॅडिनोकार्सिनोमा हा ग्रंथीपेशींचा प्रकार बहुधा फुप्फुसाच्या कडेला होतो, दुर्बीण तिथवर पोचत नाही. तिथे सीटीवरच्या गाठी पाहतात. पण त्यातल्या बऱ्याच जुन्या संसर्गाच्या खुणा असतात, आणि सूज ओसरून विरलेली गाठ औषधाने विरल्यासारखीच दिसते.