नावेवर बॅटरीचं फिटिंग : मृगाआधीची तयारी

"बाराच व्होल्ट आहेत, काय होते त्यानं?" गोसेखुर्द धरणाचा काठ असो की इटियाडोहचा, फिटिंग सुरू झालं की कोणीतरी हे म्हणतंच. शॉक लागत नाही, तेवढं खरं. पण ३५ एएचची (अँपियर-तासांची) साधी बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपियर सोडते. दोन टर्मिनलांवर पाना आडवा पडला तर तो तिथेच चिकटून लाल होतो. वायर चेपली किंवा सोलली गेली तर तिचंही तेच होतं, आणि नावेत तिच्या शेजारी पेट्रोलचा कॅन असतो. म्हणून खालची सगळी तयारी शॉकसाठी नाही, आगीसाठी आहे. रोहिण्या लागण्याआधी सामान आणून ठेवा, म्हणजे मृगाचा पाऊस यायच्या आत नावेतलं पाणी काढणारा पंप चालू झालेला असेल.

पहिलं काम कागदावरचं. नावेवर काय काय लावायचं ते लिहा आणि प्रत्येकापुढे अँपियर व तास मांडा. पुढचा १२ वॉटचा एलईडी दिवा १ अँपियर घेतो, तीन तास चालला तर ३ एएच. रात्रभराचा छोटा पांढरा दिवा ०.२ अँपियरचा, आठ तासांचे १.६. मोबाइल चार्जिंग १ अँपियरनं चार तास, म्हणजे ४. पाण्याखालचे मासे दाखवणारा फिश फाइंडर अर्धा अँपियर, सहा तासांचे ३. बुडातलं पाणी काढायचा पंप ३ अँपियरचा, पण सगळा मिळून अर्धा तास, म्हणून १.५. बेरीज १३ च्या थोडी वर. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून खाली नेली की तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं, तेव्हा ३५ एएचमधले साडेसतराच आपले समजायचे. एवढ्यात हे सगळं बसतं. ई-रिक्षाची किंवा घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी उचलून नावेत ठेवू नका. वजन एका कोपऱ्यात बसतं, नाव कलते आणि ॲसिड सांडतं. सील्ड, बिनपाण्याची बॅटरी घ्या.

सामान आणताना वायरवर कंजुषी नको. घरफिटिंगची एकच जाड तार असलेली वायर मोटरच्या थरथरीनं आतल्या आत तुटते आणि वरून पाहून कळत नाही. ॲल्युमिनियमची तर घेऊच नका. बारीक तारांची, शक्यतो कलई केलेल्या तांब्याची वायर आणा. आपल्याकडचं पाणी गोडं असलं तरी साधं तांबं वर्षभरात आतून काळं पडत जातं. जाडी ठरवायला हिशेब सोपा आहे : वायरची जाऊन-येऊन लांबी मीटरमध्ये, गुणिले ०.०१७५, भागिले वायरचे चौरस मिलिमीटर, गुणिले अँपियर. उत्तर आलं तितके व्होल्ट वाटेतच मरतात. अठरा फुटी नावेत मागच्या बॅटरीपासून पुढच्या दिव्यापर्यंत जाऊन-येऊन १२ मीटर धरा. एलईडीला १.५ चौरस मिमी भरपूर झाली. पण तिथे गाडीचा जुना ५५ वॉटचा हॅलोजन लावला तर त्याच वायरीत ०.६ व्होल्टहून जास्त जातो आणि दिवा पिवळट जळतो. २.५ ची वायर टाकली तर जेमतेम ०.४ जातो. दिवा आणि पंप यांच्यासाठी ३ टक्क्यांपेक्षा, म्हणजे ०.३६ व्होल्टपेक्षा, जास्त घट चालवून घेऊ नये. तेव्हा हॅलोजन काढून एलईडी लावणं स्वस्त पडतं.

बॅटरीपासून फ्यूज बॉक्सपर्यंत ४ चौरस मिमी, पुढच्या फांद्यांना १.५, पंपाला २.५. सोबत कलई केलेले तांब्याचे लग (वायरीच्या टोकाला बसवायच्या कड्या), आतून गोंद असलेल्या हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळणाऱ्या नळ्या), झाकणाचा सहा खणी ब्लेड फ्यूज बॉक्स, २० अँपियरचा मुख्य फ्यूज होल्डर, सगळी लाइन एकदम तोडणारा बॅटरी कट-ऑफ स्विच, भोकाच्या धारेवर बसवायचे रबरी ग्रोमेट, केबल टाय आणि मल्टिमीटर.

आता हाताचं काम. काळी इन्सुलेशन टेप या यादीत नाही, ती मुद्दाम वगळली आहे. वैशाखात पारा ४५ च्या वर गेला की टेपचा गोंद वितळतो, टेप गोगलगायीसारखी सरकते आणि खाली उघडा जोड राहतो. वायर पिळून टेप मारलेला जोड म्हणजे पुढच्या वर्षीचा बिघाड आजच करून ठेवणं. जोड शक्यतो करायचेच नाहीत. फ्यूज बॉक्सपासून वस्तूपर्यंत सलग वायर न्यायची. लग लावताना वायर आठ मिलिमीटर सोला, एकही तार कापली जाऊ देऊ नका, स्लीव्ह आधीच वायरीत ओवून ठेवा (हे सगळेच विसरतात), मग क्रिम्पिंग पक्कडीनं दाबा. साध्या पक्कडीनं चेपलेला लग दिसायला बसल्यासारखा असतो, ओढला की हातात येतो. म्हणून प्रत्येक लग जोरानं ओढून पाहा. नुसत्या डाग देण्यावर भिस्त नको. शिसं वायरीत जिथपर्यंत चढतं तिथे ती कडक होते, आणि थरथरीनं बरोबर त्याच काठावर तुटते. शेवटी स्लीव्ह तापवा. दोन्ही तोंडांशी गोंदाची बारीक कडा बाहेर आलेली दिसली की पाणी आत जात नाही.

वायर बुडातल्या पाण्यातून नेऊ नका, काठाखालून वरच्या वर न्या आणि दर दीड फुटावर बांधा. पत्रा किंवा फायबर भोक पाडून ओलांडायचं असेल तिथे ग्रोमेट हवाच, नाहीतर भोकाची धार सहा महिन्यांत वायर सोलते. प्रत्येक वस्तूजवळ वायरीला खाली झोल ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी झोलावरून टपकेल, कनेक्शनमध्ये शिरणार नाही. पत्र्याच्या नावेत निगेटिव्ह म्हणून पत्रा वापरू नका. मोटरसायकलला चालतं ते इथे पत्रा खाऊन टाकतं. प्रत्येक वस्तूला दोन वायरी, दोन्ही फ्यूज बॉक्सपर्यंत.

फ्यूज वस्तू वाचवायला असतो असा समज आहे. खरं तर तो वायर वाचवतो. म्हणून मुख्य फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात बसवा. फ्यूज बॉक्स चार फुटांवर आणि मधली वायर बिनफ्यूजची असेल, तर ती चार फूट वायरच आगपेटी आहे. दिव्यांना ५, फिश फाइंडरला ३, पंपाला त्याच्यावर छापलेला आकडा. उडालेल्या फ्यूजच्या जागी सिगारेटची चांदी किंवा तार घालणाऱ्याला नावेत बसवू नये.

पंपाची लाइन वेगळी. फ्लोट स्विचसह (पाणी चढलं की पंप आपोआप चालू करणारा तरंगता स्विच) ती कट-ऑफच्या आधी, स्वतःच्या फ्यूजसह थेट बॅटरीवर घ्या. घाटावर नाव बांधून सगळे घरी गेले, कट-ऑफ बंद आहे, आणि रात्री झड लागली, तर पंप चाललाच पाहिजे. पंप बुडाच्या सगळ्यात खोल जागी ठेवा, जाळी काढून साफ करता येईल असा. जाळ्याच्या नायलॉनचे तुकडे पात्यात गुंडाळले की मोटर अडकते आणि फ्यूज उडतो. फ्यूज मोठा घातला असेल तर मोटरच जळते.

बॅटरी झाकणाच्या पेटीत, पट्ट्यानं आवळून, हवा खेळेल अशी. चार्ज होताना हायड्रोजन निघू शकतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बुडात साचते, म्हणून कॅनजवळ किंवा खाली स्विच बसवू नका. टर्मिनलला विंगनट नको, स्प्रिंग वॉशरसह नट घ्या. आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन. जोडताना निगेटिव्ह शेवटी, काढताना निगेटिव्ह आधी, म्हणजे पाना चुकून कुठे लागला तरी ठिणगी पडत नाही.

पुढचा दिवा चालवणाऱ्याच्या नजरेच्या पुढे, नावेच्या काठावर उजेड न पडेल असा. काठ चमकला की पाण्यातले बुडालेल्या झाडांचे खुंट दिसत नाहीत. रंगीत दिवे लावणार असाल तर नाकाडाकडे तोंड करून लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे.

चार्जिंग घरीच, ४ अँपियरच्या आसपासच्या चार्जरनं. कृषिपंपाच्या स्टार्टरमधून वायर ओढून घाटावर चार्जर लावायचा प्रकार बंद. तिथे बारा नाही, २३० व्होल्ट आणि ओले पाय असतात. ४० वॉटचा सोलर पॅनल कंट्रोलरसह लावलात तर चांगल्या उन्हात दोन अँपियर देतो, आणि त्यालाही बॅटरीच्या बाजूनं फ्यूज.

शेवटी नाव काठावर असतानाच तपासणी. बॅटरी रात्रभर मोकळी ठेवून सकाळी १२.६ च्या वर दाखवते का पाहा. १२.२ म्हणजे अर्धी. एकेक वस्तू चालू करून वस्तूच्या टोकाशी व्होल्ट मोजा. बॅटरीच्या आणि तिथल्या आकड्यांत अर्ध्या व्होल्टचा फरक असेल तर कुठला तरी लग सैल आहे, हातानं गरम लागेल तोच. बुडात दोन बादल्या पाणी ओता, फ्लोट उचलला गेला पाहिजे आणि पाणी संपल्यावर पंप आपोआप थांबला पाहिजे. सगळे आकडे पेटीच्या झाकणाच्या आतून मार्करनं लिहा, तारखेसह, आणि प्रत्येक मापाचे दोन जादा फ्यूज पिशवीत बांधून तिथेच अडकवा.