महाविद्यालयीन शिक्षक व कर्मचाऱ्यांनी प्रशिक्षणाची संधी वेळेत कशी साधावी

ठाण्यापासून पनवेलपर्यंतच्या कोणत्याही महाविद्यालयाच्या स्टाफरूममधील सूचनाफलक पाहावा. उजळणी वर्ग, प्राध्यापक विकास कार्यक्रम, चर्चासत्रे, संशोधन प्रकल्पांसाठीचे आवाहन अशी परिपत्रके एकाच टाचणीला लटकलेली असतात आणि त्यांतल्या निम्म्यांची मुदत उलटून गेलेली असते. माहिती मिळत नाही, ही तक्रार व्हॉट्सॲपच्या काळात फारशी खरी राहिलेली नाही. संधी हुकते ती बहुधा दोन कारणांनी: आपल्याला नेमके काय हवे हे आधी ठरलेले नसते आणि कार्यालयीन कागद वेळेत हलत नाही.

म्हणून सुरुवात परिपत्रकापासून न करता स्वतःच्या सेवेच्या हिशेबापासून करावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १८ जुलै २०१८ च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकाला वेतनस्तर १० वरून ११ वर जाण्यासाठी पीएच.डी. असल्यास चार, एम.फिल. असल्यास पाच आणि दोन्ही नसल्यास सहा वर्षांची सेवा लागते. त्याशिवाय २१ दिवसांचा उद्बोधन वर्ग पूर्ण झालेला असावा लागतो आणि उजळणी वर्ग किंवा संशोधन पद्धतीचा वर्ग, किमान पाच दिवसांचा प्राध्यापक विकास कार्यक्रम, प्रमाणपत्रासह पूर्ण केलेला एखादा ‘मूक’ (MOOC, म्हणजे सर्वांसाठी खुला ऑनलाइन) अभ्यासक्रम किंवा ई-आशयनिर्मिती यांपैकी एक गोष्ट लागते. हे सारे त्या-त्या मूल्यमापन कालावधीत पूर्ण होणे आवश्यक असते. पदोन्नतीची फाईल उघडल्यावर अनेकांच्या लक्षात येते की गाठीशी प्रमाणपत्रे अकरा आहेत, पण त्यांतली नऊ एकदिवसीय वेबिनारची आहेत. त्यामुळे वहीच्या एका पानावर सेवेत रुजू झाल्याची तारीख, पुढील स्तर केव्हा देय होतो ती तारीख आणि त्याआधी काय पूर्ण करायचे आहे, एवढे लिहून ठेवावे. पुढे हाती येणारे प्रत्येक परिपत्रक या पानाशी ताडून पाहावे.

त्यानंतर शोधाच्या जागा ठरवाव्यात. पूर्वीची मानव संसाधन विकास केंद्रे २०२३ पासून मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रे म्हणून ओळखली जातात. आपल्या भागाला जवळचे केंद्र मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलात आहे. मात्र अनेक वर्ग आता ऑनलाइन होत असल्याने कालिनाचे वर्ग भरले, तर अन्य विद्यापीठांच्या केंद्रांचे वेळापत्रक पाहावे. प्रवेश फक्त आपल्याच विद्यापीठाच्या केंद्रात मिळतो, हा समज चुकीचा आहे. अभियांत्रिकी व व्यवस्थापनाच्या शिक्षकांनी तंत्रशिक्षण परिषदेच्या अटल अकादमीचे कार्यक्रम पाहावेत. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन व्यासपीठावरील अभ्यासक्रमांची सत्रे साधारणतः जानेवारीत आणि जुलैत सुरू होतात, त्यांतील एनपीटीईएलचे (आयआयटींच्या उपक्रमाचे) अभ्यासक्रम चार, आठ किंवा बारा आठवड्यांचे असतात. तेथे व्हिडिओ पाहणे विनामूल्य असले, तरी प्रमाणपत्रासाठी परीक्षेची वेगळी नोंदणी व शुल्क लागते आणि तिची मुदत अभ्यासक्रम चालू असतानाच संपते. विज्ञान शिक्षकांनी मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडेही लक्ष ठेवावे. नवी मुंबईकरांना ते वाशीची खाडी ओलांडली की आलेच, तरीही तेथे कधी न गेलेले शिक्षक पुष्कळ आहेत.

परिपत्रक हाती आले की ते खालून वर वाचावे. वरचा अर्धा भाग उद्घाटक, आश्रयदाते आणि निमंत्रक यांच्या नावांनी भरलेला असतो. कामाची माहिती तळाशी असते. नोंदणीची अंतिम तारीख, किती दिवस व दररोज किती तास, प्रत्यक्ष की ऑनलाइन, संस्थाप्रमुखांचे ना हरकत पत्र लागते का आणि तासिका तत्त्वावरील शिक्षकांना प्रवेश आहे का, या पाच गोष्टी पेन्सिलने अधोरेखित कराव्यात. पंचतारांकित हॉटेलातील ‘आंतरराष्ट्रीय’ परिषद भरमसाट शुल्क घेऊन आठवड्याभरात शोधनिबंध छापून देण्याचे आश्वासन देत असेल, तर तो कागद तेथेच बाजूला ठेवावा. आयोगाने २०२५ मध्ये यूजीसी-केअर ही मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी बंद केल्यापासून नियतकालिक पारखण्याची जबाबदारी शिक्षकावर व महाविद्यालयावरच आली आहे.

खरी कसोटी परवानगीची आहे. २०१८ च्या विनियमांत अशा वर्गांसाठी व परिषदांसाठी एका शैक्षणिक वर्षात कमाल ३० दिवसांच्या कर्तव्य रजेची तरतूद आहे. ती मंजूर करून घ्यावी लागते, हे मात्र आपण विसरतो. काही वर्षांपूर्वी माझा स्वतःचा अर्ज प्राचार्यांच्या सहीनंतर कार्यालयातील ट्रेमध्ये दोन दिवस पडून राहिला, कारण जावक क्रमांक टाकणारे कर्मचारी रजेवर होते. तोवर उजळणी वर्गाच्या जागा भरल्या. तेव्हापासून अर्ज देताना मी तीन पथ्ये पाळतो. अर्जासोबत परिपत्रकाची प्रत जोडतो, ना हरकत पत्राचा मसुदा स्वतःच टंकलिखित करून नेतो आणि माझ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडत नाही. अर्जात ‘माझ्या अनुपस्थितीतील तासिका अमुक सहकारी घेतील’ हे वाक्य त्या सहकाऱ्याच्या सहीसह घालावे. प्राचार्यांचा पहिला प्रश्न तोच असतो आणि त्याचे उत्तर कागदावर आधीच असले की सही लवकर होते.

तारखा निवडताना परीक्षांचे वेळापत्रक समोर ठेवावे. सत्रपरीक्षेच्या दिवसांत पर्यवेक्षण व उत्तरपत्रिका तपासणी टळत नाही. म्हणून दिवाळीची व उन्हाळ्याची सुट्टी दीर्घ वर्गांसाठी सोयीची. वर्ग प्रत्यक्ष असेल, तर प्रवासाचाही विचार करावा. ठाण्याहून पवईच्या आयआयटीत जाण्यासाठी कांजूरमार्गला उतरून रिक्षा करता येते. नेरुळ-बेलापूरच्या शिक्षकाला कालिना गाठायचे, तर हार्बरने कुर्ला आणि पुढे बस किंवा रिक्षा हा मार्ग आहे. सकाळी साडेनऊच्या हजेरीसाठी किती वाजता घर सोडावे लागेल, हे पहिल्या दिवशी नव्हे, अर्ज भरतानाच ठरवावे.

शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्रपणे लिहिणे भाग आहे, कारण परिपत्रकांतील ‘स्टाफ’ या शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा शिक्षक असाच घेतला जातो. लिपिक, ग्रंथालय परिचर व प्रयोगशाळा सहायक यांनी ‘आम्हाला प्रवेश आहे का’ असे आयोजकांना ई-मेलने विचारावे. लेखी विचारणेला लेखी उत्तर मिळते आणि ते अर्जाला जोडता येते. ‘स्वयम्’वर नोंदणीसाठी शिक्षक असण्याची अट नाही. पदवी अपुरी राहिली असेल, तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे अभ्यासक्रम नोकरी सांभाळून करता येतात. मात्र प्रवेश घेण्यापूर्वी कार्यालयाची परवानगी घ्यावी आणि निकालानंतर शैक्षणिक अर्हतेची नोंद सेवापुस्तकात करून घ्यावी. तासिका तत्त्वावरील सहकाऱ्यांना कर्तव्य रजा मिळत नाही आणि घेतला नाही तो तास मानधनातून जातो. हा अन्याय परिपत्रकांनी मिटणारा नाही. तूर्त त्यांनी सायंकाळचे किंवा सुट्टीतील ऑनलाइन वर्ग शोधावेत, प्रमाणपत्र त्यांनाही पुढील मुलाखतीत उपयोगी पडते.

वर्ग सुरू झाल्यावर रोजची हजेरी, चाचणी आणि अखेरचा अभिप्राय अर्ज यांतले एकही चुकवू नये; ऑनलाइन वर्गांत प्रमाणपत्र अडते ते बहुधा अभिप्राय न भरल्यामुळे. प्रमाणपत्र येताच नावाचे स्पेलिंग, तारखा आणि दिवसांची संख्या तपासावी. लग्नानंतर नाव बदललेल्या शिक्षिकांनी नोंदणी करतानाच सेवापुस्तकातील नाव वापरावे, कारण आयोजक समिती एकदा पांगली की दुरुस्ती करून देणारे कोणी सापडत नाही. शेवटी एक प्रत गुणवत्ता हमी कक्षाच्या समन्वयकांकडे द्यावी, एक कार्यालयात आवक करावी आणि मूळ प्रत परवानगीच्या पत्रासह घरच्या फाईलमध्ये लावावी.