खाडीच्या सीटीडी फाइलला सीएफचं वळण लावताना

ऐरोलीच्या खाडीत सोडलेल्या सीटीडीच्या (पाण्याची क्षारता, तापमान आणि दाब नोंदणाऱ्या यंत्राच्या) पहिल्याच फाइलने माझी जिरवली. पावसाळा सरत आला होता. आलेख काढला तर भरतीला पाणी गोडं आणि ओहोटीला खारट! वहीत मात्र माझ्याच अक्षरात लिहिलेलं, ‘तांडेलदादा म्हणतात, पाणी चढतंय.’ यंत्राचं घड्याळ भारतीय वेळेवर होतं आणि मी फाइलमध्ये ठोकून दिलं होतं यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. साडेपाच तासांची चूक. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास लागतात, म्हणजे माझ्या फाइलने खाडीच उलटी वाहवली.

तेव्हापासून नेटसीडीएफ फाइल (आकडे आणि त्यांची माहिती एकत्र ठेवणारी) सीएफच्या, म्हणजे अशा फाइलींत नावं-युनिट्स कशी लिहायची याच्या ठरलेल्या नियमांनुसार करताना मी वेळेपासून सुरुवात करते. आधी साडेपाच तास वजा करायचे, मग युनिट्समध्ये ‘सेकंड्स सिन्स १९७०-०१-०१ ००:००:०० यूटीसी’ असं लिहायचं. (इथे देवनागरीत लिहितेय, फाइलमध्ये हे सगळं रोमन लिपीत, नावांतल्या अंडरस्कोरसकट.) युनिट्समध्येच ‘+०५:३०’ लिहिलेलं सीएफला चालतं, पण मी टाळते. पुढचा माणूस ते वाचेलच याची खात्री कोण देणार?

मग नावं. तुमच्या कॉलमला ‘टेम्प’ म्हणा नाहीतर ‘टी१’, सीएफला त्याचं काही नाही. त्याला हवं स्टँडर्ड नेम: तापमानाला सी_वॉटर_टेम्परेचर, क्षारतेला सी_वॉटर_प्रॅक्टिकल_सॅलिनिटी, दाबाला सी_वॉटर_प्रेशर. प्रॅक्टिकल क्षारतेचं युनिट ‘१’. हाताला ‘पीएसयू’ (प्रॅक्टिकल सॅलिनिटी युनिट) लिहायची सवय असते, ती सोडा. तापमानाला ‘डिग्री_सेल्सियस’ लिहा. ‘डिग’ आणि ‘सी’ यांच्यामध्ये मोकळी जागा सोडली, तर युनिट वाचणारं सॉफ्टवेअर त्या ‘सी’ला कूलॉम समजतं, म्हणजे खाडीत विद्युतभार! दाब डेसिबारमध्ये. उथळ पाण्यात एक डेसिबार म्हणजे जवळजवळ एक मीटर, पण म्हणून दाबाच्या कॉलमला खोली म्हणून खपवू नका. खोली वेगळी काढून ठेवायची आणि तिला ‘पॉझिटिव्ह: डाउन’ लावायचं, नाहीतर आलेखात चिखल वर आणि पृष्ठभाग खाली दिसतो.

खरी डोकेदुखी आकाराची. एका ठिकाणी चार मीटरवरच चिखल लागतो, दुसरीकडे दोरी आणखी बरीच सुटते. सगळे प्रोफाइल (एकेका ठिकाणी वरून खालपर्यंत घेतलेली मोजणी) एका चौकोनी तक्त्यात बसवले तर अर्धा तक्ता रिकामा. मी सगळी निरीक्षणं एकाखाली एक लावते आणि ‘रो_साइझ’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये कोणत्या प्रोफाइलची किती ते लिहिते. त्याला ‘सॅम्पल_डायमेन्शन’ हे अ‍ॅट्रिब्यूट (व्हेरिएबलला जोडलेली माहिती) लावायचं, त्याची किंमत निरीक्षणांच्या डायमेन्शनचं, म्हणजे ती ज्या अक्षावर मांडली त्याचं नाव. याला कंटिग्युअस रॅग्ड अ‍ॅरे म्हणतात. अक्षांश, रेखांश आणि वेळ प्रत्येक प्रोफाइलला एकेकच. प्रोफाइलच्या क्रमांकाला ‘सीएफ_रोल: प्रोफाइल_आयडी’ आणि फाइलच्या माथ्यावर ‘फीचरटाइप: प्रोफाइल’. मी हे शेवटचं दोनदा विसरलेय. तापमान-क्षारतेच्या ‘कोऑर्डिनेट्स’मध्ये वेळ, अक्षांश, रेखांश आणि खोली या चौघांची नावं हवीत.

दर्जाच्या खुणांना (आकडा चांगला की शंकास्पद ते सांगणाऱ्या) ‘फ्लॅग_व्हॅल्यूज’ आणि ‘फ्लॅग_मीनिंग्ज’ दोन्ही द्या. अर्थांच्या मधे मोकळी जागा, एकाच अर्थातल्या शब्दांमधे अंडरस्कोर. गहाळ आकड्यासाठी शून्य वापरू नका. -९९९ चालेल, पण ‘_फिलव्हॅल्यू’मध्ये ते सांगितलेलं असू द्या. शीर्षक, सारांश, कन्व्हेन्शन्स, हिस्टरी ही माथ्यावरची माहिती दहा मिनिटांचं काम. हिस्टरीत जुनी ओळ पुसू नका, नवी जोडत जा.

शेवटी कम्प्लायन्स चेकर, म्हणजे फाइल सीएफच्या नियमांत बसते का ते तपासणारं सॉफ्टवेअर, चालवा. नावं, युनिट्स, आकार यांतल्या बऱ्याच चुका तो पकडतो. घड्याळाची चूक पकडत नाही. माझी ती उलटी खाडीही त्याने बिनतक्रार पास केली होती. म्हणून मी निदान एक प्रोफाइल वहीशी आणि त्या दिवसाच्या भरतीच्या वेळापत्रकाशी ताडून बघते, मगच फाइल पाठवते.