गावच्या बंद दवाखान्याचा प्रश्न विधानसभेत कसा न्यावा

आमदारांच्या कार्यालयात स्वीय सहायक म्हणून काम करताना माझ्या टेबलावर सर्वांत जास्त कोणता कागद आला असेल, तर निवेदन. वर 'प्रति, मा. मंत्री महोदय', खाली गावकऱ्यांच्या सह्या आणि कोपऱ्यात तिरका शेरा: 'तपासून योग्य ती कार्यवाही करावी'. शेरा मिळाला की माणसे समाधानाने एसटी धरत. पुढे वर्षभर काही हलत नसे. म्हणून ज्यांचे काम असे अडून बसले आहे त्या सरपंचांना, सदस्यांना आणि गावातल्या पोरांना सांगतो, शेरा म्हणजे निर्णय नव्हे. सरकारला सभागृहात बोलते करा. तिथे जे बोलले जाते ते नोंदले जाते, आणि नोंदले गेलेले मागून वसूल करता येते.

उदाहरण प्राथमिक आरोग्य केंद्राचे घेऊ. इमारत उभी आहे, रंग लागला आहे, फाटकाला कुलूप आहे. विचारले तर उत्तर ठरलेले, 'पदे मंजूर नाहीत.'

इथे आधी अधिकार कुणाचा ते नीट समजून घ्या. इमारतीचा पैसा बहुधा जिल्हा वार्षिक योजनेतून आलेला असतो, दवाखाना चालवते जिल्हा परिषद, पण वैद्यकीय अधिकारी, औषध निर्माण अधिकारी, आरोग्य सेविका ही पदे निर्माण करते राज्य शासन. सार्वजनिक आरोग्य विभाग प्रस्ताव करतो, वित्त विभाग तो तपासतो, मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालची उच्चस्तरीय सचिव समिती त्यावर विचार करते आणि मग शासन निर्णय निघतो. या साखळीत आमदाराची सही कुठेच नाही. आमदार निधीतून खोली बांधता येईल, डॉक्टरचा पगार देता येणार नाही. 'आमदारांनी मनावर घेतले तर उद्या दवाखाना सुरू होईल' हे म्हणणे चूक आहे, आणि त्यावर विसंबून गावे वर्षे घालवतात.

एवढेच नाही, आमदार अर्थसंकल्पात एक रुपयाही वाढवू शकत नाही. संविधानाच्या अनुच्छेद २०३ प्रमाणे खर्चाची मागणी राज्यपालांच्या शिफारशीनेच, म्हणजे प्रत्यक्षात सरकारकडूनच, विधानसभेपुढे येते. विधानसभा ती मान्य करील, नाकारील किंवा कमी करील. वाढवायचा अधिकार तिला नाही.

मग आमदाराच्या हातात काय आहे? अनुच्छेद १६४(२). मंत्रिमंडळ सामुदायिकपणे विधानसभेला जबाबदार आहे. २८८ जणांच्या सभागृहात बहुमत असेपर्यंतच सरकार टिकते आणि टिकलेल्या सरकारला त्या सभागृहाच्या प्रश्नांना उत्तर द्यावे लागते. आपल्याकडे कार्यकारी सत्ता विधिमंडळाच्या पोटातूनच येते. मंत्री हा आधी सदस्य असावा लागतो, नसेल तर सहा महिन्यांत व्हावा लागतो. म्हणून जो माणूस मंत्रालयातल्या दालनात तुम्हाला दोन मिनिटे देतो, त्याच माणसाला विधानभवनात उभे राहून खुलासा करावा लागतो. माझा सगळा भर याच जागेवर आहे.

प्रश्न कोण विचारू शकतो? मंत्री सोडून कोणीही सदस्य. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीमुळे मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर जाऊ शकत नाही, म्हणजे महाराष्ट्रात मुख्यमंत्र्यांसह ४३. उरलेल्या सगळ्यांना प्रश्न विचारता येतात, सत्ताधारी बाकांवरच्यांनाही. तुमचा आमदारच मंत्री असेल तर शेजारच्या मतदारसंघाच्या आमदाराकडे जा. विधान परिषदेच्या सदस्यांना विसरू नका. परिषद सरकार पाडू शकत नाही, पण प्रश्न तिथेही विचारता येतो, आणि शिक्षक किंवा पदवीधर मतदारसंघातले सदस्य तुमच्या विभागाचे असतात, पण त्यांच्याकडे गावे सहसा जातच नाहीत.

आता कागद. माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी मिळवा: इमारत पूर्ण झाल्याचा दाखला, केंद्राला मंजुरी देणारा शासन निर्णय, आणि पदनिर्मितीचा प्रस्ताव जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी वर पाठवला त्या पत्राचा जावक क्रमांक व दिनांक. तिसरा कागद सर्वांत मोलाचा. तो असला की 'प्रस्ताव प्राप्त नाही' असे उत्तर देता येत नाही. लोकसंख्येचा आकडाही जोडा. साधारण भागात ३०,००० आणि आदिवासी व डोंगराळ भागात २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे.

हे घेऊन आमदारांच्या स्वीय सहायकाला भेटा, अधिवेशनाच्या बरेच आधी. प्रश्न स्वीकारण्याच्या तारखा विधानमंडळ सचिवालय आधीच कळवते आणि त्या अधिवेशनाच्या कितीतरी अगोदरच्या असतात. अधिवेशन सुरू झाल्यावर नागपूरला यशवंत स्टेडियमवर धरणे धरता येते, तारांकित, म्हणजे मंत्र्यांकडून सभागृहात तोंडी उत्तर मागणारा, प्रश्न देता येत नाही. अर्थसंकल्पीय आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपुरात, हे धरून उलटे दिवस मोजा.

मसुदा तुम्हीच तयार करून न्या. स्वीय सहायकाकडे मतदारसंघातली शंभर कामे असतात, तयार कागद आधी पुढे सरकतो. विधिमंडळाची भाषा ठरलेली आहे:

'सन्माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय : (१) मौजे अमुक, ता. अमुक येथील प्राथमिक आरोग्य केंद्राची इमारत पूर्ण होऊनही पदनिर्मितीअभावी केंद्र बंद असल्याचे माहे जून मध्ये वा त्या दरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, पदनिर्मितीचा प्रस्ताव जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी अमुक दिनांकाच्या पत्रान्वये सादर केला, हेही खरे आहे काय, (३) असल्यास, सदर प्रस्तावावर शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?'

चौथा भाग कधीही गाळू नका. आरोप, विशेषणे, कुणा अधिकाऱ्याचे नाव घालू नका, आणि बाब न्यायप्रविष्ट असेल तर प्रश्न स्वीकारलाच जाणार नाही. खातेही अचूक असू द्या. रस्त्याच्या प्रश्नात लोक इथेच घसरतात. ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, राज्य मार्ग सार्वजनिक बांधकामकडे, आणि चुकीच्या मंत्र्याला विचारलेला प्रश्न खात्याखात्यांतून फिरत राहतो.

प्रश्न स्वीकृत झाला की काय होते ते मी जवळून पाहिले आहे. मंत्रालयातल्या कक्ष अधिकाऱ्याकडून पत्र सुटते, वर ठळक 'विधानसभा तारांकित प्रश्न, अत्यंत तातडीचे'. कार्यालयात एकच बोलणे, 'एलएक्यू (विधानसभेतला प्रश्न) आलाय.' ते आरोग्य सेवा आयुक्तालय, जिल्हा आरोग्य अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी असे खाली येते. ज्या कुलपाकडे वर्षभर कोणी पाहिले नाही, तिथे दुसऱ्या दिवशी जीप येते, फोटो निघतात, पंचनामा होतो. प्रस्ताव कोणाच्या टेबलावर पडला आहे ते शोधले जाते, कारण खोटे उत्तर दिले तर मंत्री सभागृहात अडचणीत येतो आणि मग अधिकारी. सभागृहात उत्तर येण्याआधीच निम्मी कामे मार्गाला लागतात, हे मी अनेकदा अनुभवले. तारांकित प्रश्न तोंडी चर्चेला आलाच पाहिजे असा हट्ट म्हणूनच धरू नका. प्रश्नोत्तराच्या तासात थोडेच प्रश्न होतात, बाकीच्यांची लेखी उत्तरे छापून येतात, आणि तीही तितकीच खरी नोंद असते.

उत्तर वाचायला शिका. 'होय, हे खरे आहे' सोपे. 'हे खरे नाही' असेल तर तुमच्याकडचा कागद काढा. 'हे अंशतः खरे आहे' म्हणजे सरकारने काहीतरी कबूल केले आहे, ते नेमके कोणते वाक्य आहे ते शोधा. 'प्रश्न उद्भवत नाही' हे चौथ्या भागाचे उत्तर आले तर तिसऱ्या भागात खरोखर कार्यवाही सांगितली आहे का, ते पडताळा. 'प्रस्ताव शासनाच्या विचाराधीन आहे' हे सर्वांत पोकळ. त्यावर मात्र उपप्रश्न हवाच.

उपप्रश्नांसाठी आमदारांच्या हाती चिठ्ठी द्यावी, पान नव्हे. एका केंद्राच्या वेळी आमच्या चिठ्ठीवर एवढेच होते: 'प्रस्ताव सचिव समितीपुढे कोणत्या तारखेला ठेवणार?' मंत्री म्हणाले, लवकरच. आमदारांनी तोच प्रश्न पुन्हा केला. अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून चिठ्ठी खाली आली, मंत्र्यांनी ती वाचली आणि सांगितले, 'तीन महिन्यांच्या आत ठेवण्यात येईल.' गावच्या सरपंचताई प्रेक्षक गॅलरीत होत्या. भाषणाची अपेक्षा करून आल्या होत्या, म्हणून थोड्या हिरमुसल्या. मी त्यांना म्हटले, ताई, आजचे सगळ्यांत मोठे भाषण हेच झाले.

कारण 'करण्यात येईल' असे मंत्री बोलले की ते आश्वासन होते. विधिमंडळाची आश्वासन समिती अशा आश्वासनांची यादी करते आणि विभागाला जाब विचारते. कार्यवृत्तातला, म्हणजे सभागृहातल्या बोलण्याच्या अधिकृत नोंदीतला, तो उतारा मिळवा, आमदारांच्या पत्रासोबत समितीकडे द्या. मुदत उलटली की स्मरणपत्र, मग पुन्हा एक. गावाने इथे चिकाटी सोडली तर पुढचे सगळे थांबते.

विषय एका गावाचा नसून तालुक्याचा असेल, किंवा बंद केंद्रापायी बाळंतीण दगावल्यासारखी तातडी असेल, तर विधानसभा नियमांतील नियम १०५ खालची लक्षवेधी सूचना जास्त परिणामकारक, कारण तिच्यावर मंत्री निवेदन करतात. आरोग्य विभागाच्या मागण्या चर्चेला येतात तेव्हा कपात सूचना, म्हणजे मागणीची रक्कम कमी करण्याची सूचना, देता येते. सरकारचा पैसा अडवण्याचा तिचा हेतू नसतो, तक्रार त्या मागणीला चिकटवण्याचा असतो. आणि आमदाराच्या सहीने विनंती अर्ज समितीकडे थेट नागरिकांचा अर्जही जातो. ही वाट फारशी कोणी वापरत नाही, वापरावी.

राज्यपालांना निवेदन द्यावे का, असे बरेच जण विचारतात. द्यायला हरकत नाही, पण अनुच्छेद १६३ प्रमाणे राज्यपाल बहुतेक बाबतीत मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालतात, तेव्हा तुमचा कागद शेवटी त्याच आरोग्य विभागात येणार.

सगळे जमून आले की शासन निर्णय निघतो. तो शासनाच्या संकेतस्थळावर असतो, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या फोटोवर विश्वास ठेवू नका. उघडून तीन जागा पाहा. प्रस्तावनेत तुमच्या केंद्राचे नाव आहे का. पदांच्या तक्त्यात कोणती पदे नियमित आणि कोणती बाह्यस्रोताने भरायची, कारण परिचराची जागा ठेकेदाराकडून भरली जाईल आणि डॉक्टरची नियमित असेल. आणि खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अर्थसंकल्पातल्या कोणत्या खात्यावर, टाकायचा. आरोग्याच्या महसुली खर्चाचे मुख्य लेखाशीर्ष २२१०, बांधकामाचे ४२१०. पगारासाठी २२१० खाली तरतूद दिसली पाहिजे. शेवटी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' ही ओळ आणि खाली अधिकाऱ्याची डिजिटल स्वाक्षरी. अनुच्छेद १६६ प्रमाणे शासनाचा प्रत्येक आदेश असाच राज्यपालांच्या नावे निघतो. ही ओळ असलेला कागद हाती आला म्हणजे निर्णय झाला.

पद मंजूर होणे आणि पद भरले जाणे यातही अंतर असते. त्याच आठवड्यात शासन निर्णयाची प्रत घेऊन जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना भेटा, नियुक्ती होईपर्यंत जवळच्या केंद्रातला वैद्यकीय अधिकारी आठवड्यातून ठरावीक दिवस देण्याची लेखी मागणी करा, आणि पुढच्या अधिवेशनाच्या पुरवणी मागण्यांत (अर्थसंकल्पानंतरच्या जादा खर्चाच्या मागण्यांत) तरतूद आली का, ते आमदारांच्या कार्यालयातून तपासून घ्या.